सौर तृच, आतप व सूर्यनमस्कार

सूर्याच्या उपासनेनें आरोग्य लाभतें ही गोष्ट आपल्याकडे इतकी सर्वमान्य आहे कीं, ती कोणीं, केव्हां व कोणत्या अर्थानें सांगितली याची चौकशी करण्याचें फारसें कोणास अगत्य वाटत नाहीं. सूर्यनमस्कारांवरील छापील पुस्तिकांच्या प्रस्तावना बहुधा एकाच सांच्याच्या असतात. आरंभीं ऋग्वेदाचा हवाला, त्यामागून सांबाची कथा, मग समर्थांचे नमस्कार आणि शेवटीं ‘ड’ जीवनसत्त्व. वाचणारास असें वाटावें कीं, मंत्रद्रष्टा ऋषि, चरकासारखा वैद्य, तालमींतला वस्ताद व युरोपांतील रसायनज्ञ हे सर्व एकच सिद्धांत निरनिराळ्या भाषांत सांगत होते. वस्तुस्थिति तशी नाहीं. सूर्य व आरोग्य यांचा संबंध आपल्या वाङ्मयांत निदान तीन निरनिराळ्या मार्गांनीं आलेला आहे. त्या तीन धारांचे उगम वेगळे, साधनें वेगळीं, आणि त्यांचा संगम झाला तो फार अलीकडे. तो कसा झाला हें ज्या कागदांवरून कळावयाचें ते कागद मात्र ‘नुसती भटी पोथी’ म्हणून आपल्यांतील पुष्कळ संग्राहक बाजूस टाकीत आले आहेत. म्हणून हा विषय येथें मांडीत आहें.

पहिली धारा मंत्राची. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलांतील ५० वें सूक्त प्रस्कण्व काण्व याचें असून त्याच्या १३ ऋचा आहेत. पहिल्या नऊ गायत्री छंदांत व शेवटच्या चार अनुष्टुभ् छंदांत. या चारांपैकीं अखेरच्या तीन ऋचांचा जो गट, त्या तृचास परंपरेनें रोगघ्न मानिलें आहे. त्यांत ऋषि उगवून वर चढत जाणाऱ्या सूर्यास आपला हृद्रोग व ‘हरिमा’ नाहींसा करण्याची प्रार्थना करितो. पुढच्या ऋचेंत हा हरिमा शुक, रोपणाका व हारिद्रव यांच्या ठिकाणीं ठेवून देतो. आणि शेवटीं उगवलेल्या आदित्यानें आपल्या द्वेष्ट्यास आपल्या अधीन करावें असें म्हणून थांबतो. रोग व शत्रु यांत त्यानें फारसा भेद मानलेला दिसत नाहीं. हरिमा म्हणजे हिरवट-पिवळा वर्ण. आणि तो त्याच वर्णाच्या पक्ष्यांकडे पाठविला जात असल्यामुळें कावीळ हा अर्थ बहुतेक आधुनिक पंडितांनीं घेतला आहे. सायणाचार्य दोन पर्याय देतात: शरीराची कांति हरण करणारा बाह्य रोग, किंवा रोगामुळें शरीरास आलेला हरित वर्ण. मला दुसरा पर्याय सरळ वाटतो. पहिला व्युत्पत्तीच्या हौसेंतून निघालेला आहे.

या तृचाचें भावंड म्हणजे अथर्ववेदाच्या पहिल्या कांडांतील २२ वें सूक्त. तेथेंहि हृदयाची पीडा व हरिमा सूर्याबरोबर वर जावोत अशी प्रार्थना असून रोग्यास लाल वर्णानें वेढण्याची भाषा आहे. त्याचा विनियोग कौशिकसूत्रांत सांगितला आहे तो पाहण्यासारखा आहे. लाल बैलाचे केंस घातलेलें पाणी रोग्यास पाजावयाचें, लाल बैलाच्या कातड्यावर त्यास बसवावयाचें, हळदीचा भात खावयास घालून अंगास माखावयाचा, आणि पिवळे पक्षी पिवळ्या दोऱ्यानें खाटेस बांधावयाचे. या विधीचें तत्त्व वर्णांच्या देवघेवीचें आहे. पिवळा वर्ण पिवळ्या पक्ष्यांस परत करावयाचा व लाल वर्ण सूर्य आणि बैल यांजकडून घ्यावयाचा. ऊन अंगावर घेण्याचें हें शास्त्र नव्हे.

हें स्पष्ट सांगण्याचें कारण असें कीं, याच ठिकाणीं आधुनिक शोधाची एक विलक्षण योगायोगाची गोष्ट आड येते. इंग्लंडांतील एसेक्स परगण्यांत रॉचफर्ड येथील रुग्णालयांत १९५६ सालीं अपुऱ्या दिवसांच्या बालकांचा कक्ष भगिनी जे. वॉर्ड यांच्या देखरेखीखालीं होता. चांगलें ऊन पडलें म्हणजे त्या बालकांस अंगणांत नेत असत. एका काविळीच्या बालकाचें अंग फिकें पडलेलें, पण एका त्रिकोणी भागाची त्वचा मात्र पिवळीधमक राहिलेली त्यांनीं डॉक्टरांस दाखविली. तेवढ्याच भागावर चादरीचा कोपरा होता. पुढें उन्हाच्या खिडकींत राहून गेलेल्या रक्ताच्या नमुन्यांतहि पित्तरंजक द्रव्य कमी भरलें. त्यावरून क्रेमर, पेरिमन व रिचर्ड्‌स यांनीं १९५८ सालीं ‘लॅन्सेट’ पत्रांत प्रकाशचिकित्सेचा निबंध प्रसिद्ध केला. निळ्या प्रकाशानें त्वचेंतील बिलिरुबिनाच्या अणुरचनेंत फरक होऊन तें पाण्यांत विरघळण्याजोगें बनतें व शरीराबाहेर पडतें, हें आतां निश्चित झालें आहे. जगांतील असंख्य नवजात अर्भकें आज अशा दिव्याखालीं ठेविलीं जातात.

ही हकीकत कळल्याबरोबर आपल्या एखाद्या अभिमानी लेखकाच्या मनांत प्रस्कण्व ऋषि उभा राहावा हें स्वाभाविक आहे. परंतु मूळ वचन वाचणारास तो मोह आवरलाच पाहिजे. ऋचेंत सूर्यानें हरिमा हरण करावा अशी प्रार्थना आहे, पण तो जावयाचा आहे पोपटांच्या अंगावर. ज्या अर्थवादांत रोगाचा मुक्काम हलविण्याची व्यवस्था इतक्या तपशिलानें सांगितली आहे, त्यांतून निळ्या प्रकाशाचा सिद्धांत काढणें म्हणजे ग्रंथाशीं अप्रामाणिकपणा करणें होय. आपल्या घरांतून तान्ह्या मुलास तेल लावून कोंवळ्या उन्हांत निजविण्याची चाल आहे, ती अनुभवाची गोष्ट असेल. पण तिचा आधार हा तृच नव्हे. शिवाय खरी कावीळ झालेल्या अर्भकास उन्हाच्या भरंवशावर ठेवूं नये असें वैद्यांचें आजचें सांगणें आहे, कारण प्रमाण हातीं राहत नाहीं व कोंवळी कातडी पोळते. प्रस्तावनाकारांचें चुकीचें प्रमाण केवळ विद्वत्तेच्या दृष्टीनेंच घातक असतें असें नाहीं.

पुराणांतील कथा याच धारेच्या आहेत. त्यांत मंत्राची जागा भक्तीनें घेतली आहे एवढेंच. कृष्णपुत्र सांबास शापानें कुष्ठ झालें, त्यानें चंद्रभागेच्या तीरीं सूर्याची आराधना केली, तो बरा झाला, व पूजेसाठीं शाकद्वीपांतून मग ब्राह्मण आणिले गेले, ही कथा भविष्य व सांब या पुराणांत आहे. वारकऱ्यांच्या प्रांतांत हें वाचतांना घोंटाळा होऊं नये म्हणून सांगतों कीं, मूळ कथेंतील चंद्रभागा ती पंजाबांतील चिनाब होय, पंढरपूरची नव्हे. तिच्या खोऱ्यांतील मुलतानच्या सूर्यमंदिराशीं ही कथा निगडित आहे. ह्यूएनत्संग यानें सातव्या शतकांत त्या देवालयाचें वैभव वर्णिलें आहे, आणि अल्बेरुनी तेथील मूर्ति लांकडाची असून लाल कातड्यानें मढविलेली होती असें नमूद करितो. मयूर कवीची कथा तर मौजेची आहे. हर्षाच्या सभेंतील या कवीस कुष्ठ झालें व सूर्यशतक रचून तें गेलें अशी आख्यायिका आहे. मम्मटानें अकराव्या शतकांत काव्याचीं प्रयोजनें सांगतांना अनर्थनिवारणाचें उदाहरण म्हणून मयूराचेंच नांव घेतलें, म्हणजे तोंपर्यंत ती रूढ झालेली होती. परंतु सूर्यशतकाचा सहावा श्लोक वाचला म्हणजे आख्यायिकेचें बीज हातीं लागतें. त्यांत हातपाय व नाक झडलेल्या पापग्रस्त लोकांस सूर्य पुन्हां धडधाकट करितो असें वर्णन आहे. कवीनें सामान्य स्तुति केली. पुढच्यांनीं ती त्याच्याच अंगावर आणिली. कवींच्या चरित्रांची अशी जुळणी संस्कृतांत नवी नाहीं.

आतां दुसरी धारा, वैद्यकाची. येथें स्वर एकदम बदलतो. वैद्याच्या लेखीं आतप हें देवतेचें प्रसाददान नसून एक द्रव्य आहे. त्यास गुण आहेत तसे दोषहि आहेत, व त्याची मात्रा ठरवावी लागते. चरकाच्या सूत्रस्थानांत लंघनाचे दहा प्रकार सांगितले आहेत, त्यांत उपवास, व्यायाम, वारा यांच्या पंक्तीस आतप बसविला आहे. त्याच स्थानाच्या १४ व्या अध्यायांत अग्नीवांचून होणाऱ्या दहा स्वेदांतहि आतप आहे. आणि त्या यादींत भय व क्रोधहि असल्यामुळें वैद्याची दृष्टि किती रोखठोक होती तें कळतें. घाम आणणारें तें सर्व एका ओळींत. उलट सुश्रुताच्या चिकित्सास्थानाच्या २४ व्या अध्यायांत दिनचर्येच्या ओघांत आतपाचे दोष मोजले आहेत: पित्त, तहान, घाम, मूर्च्छा, भ्रम, दाह, रक्तविकार व वर्णाचा बिघाड, छाया हीं सर्व दूर करिते असें लगेच सांगितलें आहे. ज्यास सूर्यसेवनाचा सरसकट पुरस्कार प्राचीनांच्या तोंडीं घालावयाचा असेल त्यानें हा अध्याय टाळावा हेंच बरें.

पण वैद्यकांतला सर्वांत मोलाचा उल्लेख चरकाच्या चिकित्सास्थानाच्या सातव्या अध्यायांत, श्वित्राच्या म्हणजे पांढऱ्या कोडाच्या प्रकरणीं आहे. रोग्यास स्नेहन करून मलपूचा म्हणजे काकोदुंबराचा रस गुळाबरोबर पाजावयाचा, आणि मग त्यानें आपल्या शक्तीच्या मानानें सूर्याच्या किरणांचा ताप घ्यावयाचा. रेच झाल्यावर तीन दिवस तहान लागेल तेव्हां पेजेवर राहावयाचें. कोडाच्या जागीं फोड उठतील ते कांट्यानें फोडावयाचे. त्याच प्रकरणांतील योगांत अवल्गुज म्हणजे बावचीहि आली आहे. हा विधि वाचतांना कौशिकसूत्रांतील लाल बैल डोळ्यांपुढें येत नाहीं. येथें औषध आधीं, ऊन मागून, मात्रा रोग्याच्या बळावर, आणि दिसून येणारा परिणाम फोडांच्या रूपानें नोंदलेला, असा अनुभवाचा पक्का क्रम आहे. बावचींतील ज्या द्रव्यास तिच्याच लॅटिन नांवावरून सोरालेन म्हणतात, तें त्वचेस प्रकाशाविषयीं संवेदनशील करितें. अंजिराच्या वर्गांतील कांहीं झाडांच्या चिकांतहि तशीं द्रव्यें आहेत. ईजिप्तमधील एल मोफ्ती यांनीं तेथील एका वनस्पतीच्या साहाय्यानें हाच मार्ग आधुनिक वैद्यकांत आणून १९४८ सालीं प्रसिद्ध केला, आणि १९७४ पासून सोरालेन व अतिनील प्रकाश यांची जोडचिकित्सा त्वचारोगांत रूढ झाली. प्राचीनांच्या ज्ञानाचा अभिमान धरावयाचा तर तो या जागीं धरावा. आश्चर्य असें कीं, सूर्यनमस्काराच्या पुस्तिकांत हा उतारा सहसा आढळत नाहीं. कारण त्यांत सूर्यास कोणी नमस्कार करीत नाहीं.

तिसरी धारा नमस्काराची, आणि मुख्य प्रश्न येथेंच आहे. तृचाकल्पाच्या ज्या प्रयोगपोथ्या महाराष्ट्रांत घरोघर असत, त्यांत पूर्वोक्त तीन ऋचा, मित्रापासून भास्करापर्यंत बारा नांवें, व ह्रांकारादि सहा बीजाक्षरें यांची गुंफण असते. तीन अनुष्टुभांचे पाद बारा. एकेक पाद, एक बीज व एक नांव मिळून एक नमस्कार. पादांनंतर अर्धर्च घेऊन सहा, मग सबंध ऋचा घेऊन तीन, मग संपूर्ण तृच, अशी ती रचना चढत जाते. बारा नांवें बारा महिन्यांवरून आलीं असें सांगतात तें असो; पण ह्या तृचास तीं इतकीं चपखल बसतात त्याचें कारण छंदांत आहे, हें गणित करून पाहणारास सहज पटेल. या प्रयोगांत संकल्प, न्यास, ध्यान, अर्घ्य, नमस्कार व तीर्थप्राशन असा क्रम असतो, आणि रोगनाशाचें फळ मुख्यतः संकल्पांत व तीर्थाच्या मंत्रांत सांगितलेलें असतें. नमस्कार साष्टांग, आणि अष्टांगें म्हणजे छाती, मस्तक, दृष्टि, मन, वाणी, पाय, हात व गुडघे. यांतील दृष्टि, मन व वाणी यांनीं दंड पिळदार होत नाहींत. म्हणजे नमस्काराची मूळ कल्पना शरणागतीची आहे. कंबर कोठें वांकवावी, श्वास केव्हां घ्यावा व केव्हां सोडावा हा त्या कल्पनेचा विषयच नव्हे.

मग शरणागतीचा व्यायाम केव्हां झाला? समर्थ रामदास नित्य १२०० नमस्कार घालीत ही संप्रदायाची परंपरा सर्वश्रुत आहे. परंपरा म्हणून तिचा मान ठेवावा. पण समर्थांचें निर्याण शके १६०३ चें, आणि संख्येचा आधार सांप्रदायिक कथनावर आहे, हें इतिहासाच्या लेखकानें विसरूं नये. याहून भक्कम पुरावा एका अनपेक्षित ठिकाणीं मिळतो. हठप्रदीपिकेच्या पहिल्या उपदेशांत ६१ व्या श्लोकाच्या सुमारास साधकानें शरीरास क्लेश देणारे विधि टाळावेत असें सांगितलें आहे. त्यावर ब्रह्मानंदानें एकोणिसाव्या शतकांत लिहिलेल्या ज्योत्स्ना टीकेंत कायक्लेशाचें उदाहरण म्हणून पुष्कळ सूर्यनमस्कार घालणें व जड ओझीं वाहणें या दोन गोष्टी दिल्या आहेत. हें वाक्य लहान आहे, पण त्यानें दोन गोष्टी सिद्ध होतात. एक, त्या काळीं नमस्कार इतक्या संख्येनें घातले जात कीं, ते श्रमाचें उदाहरण म्हणून सहज सुचावेत. दुसरी, हठयोग्याच्या दृष्टीनें ते योगाचा भाग नव्हते. उलट त्यानें वर्ज्य करावयाच्या गोष्टींत ते मोडत. सूर्यनमस्कार हा प्राचीन योगासनांचाच एक प्रकार असें जें आज जगभर सांगितलें जातें, त्यास ही टीका एकटी पुरून उरते.

व्यायामाचें स्पष्ट रूप त्यांस दिलें तें औंधानें. श्रीमंत भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधि (१८६८–१९५१) यांचें नांव आपल्या वाचकांस महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीस त्यांनीं दिलेल्या आश्रयामुळें व औंधच्या संग्रहालयामुळें परिचित आहेच. ते आरंभीं सँडो या युरोपीय पहिलवानाच्या पद्धतीचा व्यायाम कित्येक वर्षें करीत असत. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत मिरजेच्या अधिपतींच्या सूचनेवरून ते नमस्कारांकडे वळले. १९०९ सालीं गादीवर आल्यानंतर त्यांनीं आपल्या संस्थानांतील शाळांतून ते सुरू केले, पुस्तकें लिहिलीं, स्वतः करून दाखविले. १९३६ सालीं ते इंग्लंडांत गेले असतां लुइझ मॉर्गन या पत्रकार बाईंनीं त्यांची पद्धत तेथील लोकांपुढें मांडली, व १९३८ सालीं लंडन येथें तिच्यावरील इंग्रजी पुस्तक निघालें. एका नमस्काराचे दहा अवयव पाडून प्रत्येकाची ठेवण निश्चित केलेली, बीजाक्षरें मात्र जशींच्या तशीं. फरक इतकाच कीं, न्यासांत जीं अक्षरें अंगांवर देवता बसविण्यासाठीं होतीं, त्यांचा उपयोग आतां घसा, छाती व पोट यांस कंप देऊन बळकट करण्याकडे सांगितला गेला. तृचाकल्पाचा सांगाडा कायम राहून त्याचा अर्थ पालटला तो क्षण हाच. पंतप्रतिनिधींच्या योग्यतेस यानें यत्किंचितहि उणेपणा येत नाहीं. उलट एका जुन्या विधींतून सर्व जातींच्या मुलामुलींस साधेल असा व्यायाम त्यांनीं काढला, ही त्यांची कर्तबगारी, ती ऋग्वेदाच्या पदरांत टाकून त्यांस आपण अकारण वंचित करितों.

राहिलें ‘ड’ जीवनसत्त्व. ऊन व मुडदूस यांचा संबंध युरोपांतील धुरकट शहरांत कळून आला. १९१९ सालीं बर्लिन येथें हुल्डशिन्स्की यानें पारददीपाच्या प्रकाशानें मुडदूस झालेलीं मुलें बरीं केलीं, तेव्हां गोष्ट निर्विवाद झाली. परंतु हें द्रव्य त्वचेंत तयार करणारे किरण सूर्य क्षितिजाजवळ असतां वातावरणांतच गळून जातात. आपली सावली आपल्या उंचीहून लांब असेपर्यंत ते फारच थोडे पोहोंचतात. नमस्काराची वेळ उगवतीची. म्हणजे विधीप्रमाणें नमस्कार घालणारास व्यायाम होईल, प्रसन्नता येईल, पण हाडांस लागणारें हें द्रव्य त्या वेळीं मिळावयाचें नाहीं. आणि तें मिळावें म्हणून भर दुपारीं उघड्या अंगानें बसणारास सुश्रुतानें मोजलेले दोष व त्यांत भर म्हणून त्वचेच्या कर्करोगाचें आधुनिक भय आहेच.

संग्राहकांस एक विनंति आहे. नमस्कारांची फलश्रुति म्हणून जो एक अनुष्टुभ् श्लोक सर्वत्र म्हटला जातो, त्याचे दोन पाठ प्रचारांत आहेत. पूर्वार्ध दोहोंत एकच: जे दररोज आदित्यास नमस्कार करितात त्यांस. उत्तरार्ध एका पाठांत हजारों जन्मांत दारिद्र्य येत नाहीं असें सांगतो. दुसऱ्यांत आयुष्य, प्रज्ञा, बल, वीर्य व तेज प्राप्त होतें असें म्हणतो. पहिला पाठ पुरोहिताच्या तोंडचा व दुसरा तालमीच्या दाराशीं शोभणारा आहे. शक घातलेल्या तृचाकल्पाच्या पोथ्यांत हा श्लोक आहे काय, असल्यास उत्तरार्ध कोणता, तो मूळ हातचा कीं समासांत मागाहून लिहिलेला, आणि पोथी कोणत्या गांवची, एवढ्या चार गोष्टी जरी टिपल्या गेल्या, तरी नमस्काराचा व्यायाम केव्हां व कोणत्या प्रांतांत झाला याचा माग पांचपंचवीस वर्षांच्या अंतरानें काढतां येईल. अशा पोथ्या बहुधा आठदहा पानांच्या, तेल व कुंकवाच्या डागांनीं भरलेल्या असतात व रद्दीच्या गठ्ठ्यांत सांपडतात. त्यांचें शेवटचें पान फाटलेलें नसल्यास तें आधीं वाचावें.